आधी वेळा बघा: तमिळनाडूची देवळं आणि डोंगरगावं पाहायला ग्रुप टूरने पहिल्यांदा निघताना

तमिळनाडूची ग्रुप टूर ठरवताना घरोघरी आधी रेट बघितला जातो, मग हॉटेल, मग किती ठिकाणं दाखवणार ते मोजलं जातं. माझं सांगणं असं की सगळ्यात आधी वेळा बघा. इथली बहुतेक मोठी देवळं दुपारी साडेबारा-एकच्या सुमारास बंद होतात ती चारला उघडतात. शिवाय कोडाईकनाल किंवा उटीला जायचं तर अंधार पडायच्या आत घाट चढलेला बरा. सगळी टूर या दोन गोष्टींच्या मधे बसवलेली असते. ज्यांना ती बसवता आली आहे त्यांच्याबरोबर जावं, मग दोन ठिकाणं कमी झाली तरी चालतील.

या लेखात मी एकच मार्ग धरला आहे: त्रिची आणि श्रीरंगम, तंजावर, कुंभकोणम, मदुराई, तिथून कोडाईकनाल, पळनी, मेट्टुपाळयम आणि शेवटी उटी. आठ-नऊ दिवसांत तो आरामात होतो. सहा दिवसांत करून देतो म्हणणारे भेटतात. तेवढ्यात देवळाच्या दारापर्यंत पोचणं होतं, देऊळ बघणं होत नाही.

पैसे भरण्याआधी प्रोग्रॅम पेन्सिल घेऊन वाचा

छापील प्रोग्रॅममध्ये प्रत्येक ओळीपुढे अंदाजे वेळ लिहून बघा. तंजावरहून मदुराई साधारण १९० किलोमीटर आहे. चहापाणी आणि जेवण धरून बसला पाच तास लागतात. सकाळी तंजावरचं देऊळ, अकराच्या आत निघणं आणि संध्याकाळी मीनाक्षीचं दर्शन हा दिवस छान जमतो. पण 'दुपारी मीनाक्षी मंदिर, त्यानंतर कोडाईकनालकडे प्रस्थान' असं लिहिलेलं दिसलं तर तिथेच बोट ठेवा. देऊळ चारला उघडणार, दर्शनाला दोन तास जाणार, पुढे कोडाईकनालपर्यंतचे सुमारे १२० किलोमीटर आणि त्यातला शेवटचा मोठा टप्पा घाटाचा. म्हणजे रात्री दहा वाजता तुम्ही वळणावळणाच्या रस्त्यावर असणार. हा प्रश्न बुकिंगच्या टेबलावरच विचारायचा.

तिथेच आणखी काही गोष्टी विचारून घ्या. देवळांमध्ये स्थानिक गाइड असणार का, की टूर मॅनेजरच माहिती सांगणार? विशेष दर्शनाचं तिकीट टूरच्या पैशांत आहे की वेगळं? मदुराईचं हॉटेल देवळापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे का? ट्रिपल शेअरिंगमध्ये तिसरा पलंग मिळतो की जमिनीवर गादी? एकट्याने जाणाऱ्या बाईला रूम पार्टनर न मिळाल्यास सिंगलचे जादा पैसे कोण भरणार? आणि ई-पास. मे २०२४ पासून उटीच्या निलगिरी जिल्ह्यात आणि कोडाईकनालला जाणाऱ्या गाड्यांना ई-पास लागतो, मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने ही पद्धत सुरू झाली. बसचा पास कंपनी काढते, पण गर्दीच्या दिवसांत गाड्यांच्या संख्येवर मर्यादा असते. त्यामुळे 'पास काढलाय ना?' एवढं निघण्याच्या आठवडाभर आधी विचारायला लाजू नका.

शेवटचा प्रश्न 'टॉय ट्रेन'चा, म्हणजे उटीला चढणाऱ्या छोट्या डोंगरी रेल्वेचा. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे, कारण तिथे बहुतेकांची निराशा होते.

कधी जावं

जानेवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत. आपल्याकडे पाऊस संपतो तेव्हा तिकडे परतीचा पाऊस सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिथला मोठा पाऊस, त्या दिवसांत निलगिरीच्या घाटात दरडी कोसळतात आणि डोंगरी रेल्वे बंद पडते. मे महिन्यात मैदानी भाग भाजून निघतो आणि डोंगरावर शाळांच्या सुट्ट्यांची गर्दी लोटते. नोव्हेंबर मध्यापासून पोंगलपर्यंत (तिकडची संक्रांत) शबरीमलाला निघालेले काळ्या वस्त्रांतले अय्यप्पाभक्त वाटेतल्या सगळ्या मोठ्या देवळांत असतात. वातावरण भारून टाकणारं असतं, रांगही तेवढीच लांब असते. जानेवारी-फेब्रुवारीत थैपूसम हा कार्तिकस्वामींचा उत्सव येतो, तेव्हा पळनीला लाखो लोक पायी येतात. वारी पाहिलेल्या माणसाला त्या रस्त्यावरून बसने जातानाही भरून येईल. फक्त पहिल्यांदा, ज्येष्ठांना घेऊन, त्या दिवसांत दर्शनाला जाऊ नये.

बॅग भरताना

एका बॅगेत दोन हवामानं मावायला हवीत. मदुराईत फेब्रुवारीतही दुपारी घाम निघतो, त्याच रात्री कोडाईकनालला स्वेटर आणि कानटोपी लागते. लोकरीचे कपडे बॅगेच्या तळाशी ठेवू नका, कारण घाट चढताना बसमध्येच ते हवे होतात आणि मोठी बॅग तेव्हा डिकीत असते.

देवळासाठी पुरुषांना पूर्ण पँट, पायजमा किंवा वेष्टी (आपली धोतर-लुंगी), बायकांना साडी किंवा ओढणीसह पंजाबी ड्रेस. हाफ पँट आणि बिनबाह्यांचे कपडे घालून आलेल्यांना दारातून परत पाठवतात. चपला पटकन निघणाऱ्या असाव्यात, दिवसातून चार-पाच वेळा काढाव्या लागतात. जाड सुती मोज्यांचे दोन जोड जरूर घ्या. अकरानंतर दगडी फरसबंदी अशी तापते की चटईची पट्टी सोडून पाय टाकवत नाही.

पाण्यासाठी स्टीलची बाटली घ्या. निलगिरी आणि कोडाईकनालमध्ये लहान प्लास्टिकच्या बाटल्यांना मनाई आहे, नाक्यावर गाड्या तपासतात.

बस आणि टूर मॅनेजर

पहिल्या रात्री मॅनेजर 'उद्या सहा-सात-आठ' असं सांगेल. म्हणजे सहाला वेक-अप कॉल, सातला नाश्ता, आठला बस सुटणार. तमिळनाडूत मात्र 'पाच-सहा-सात' मागून घ्या, ग्रुपने मिळून मागितलं तर मॅनेजर आनंदाने देतो. सकाळचा तो एक तास म्हणजे गार फरशी, कमी रांग आणि गाभाऱ्याशी थोडं जास्त उभं राहणं.

बसमध्ये सीट रोज पुढे-मागे होतात. ज्यांना घाटात मळमळतं त्यांनी मॅनेजरला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावं, म्हणजे कोडाईकनालच्या दिवशी पुढची सीट मिळते. उलटीची गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारूनच न्या, आणि घाट सुरू व्हायच्या आधी घ्या.

तिथल्या लोकांशी बोलताना हिंदी फारशी चालत नाही, थोडं इंग्रजी आणि थोडे हातवारे चालतात. पण दोन शब्द तुमच्याकडे आधीपासून आहेत. मोठ्या भावाला तिथेही 'अण्णा' म्हणतात आणि मोठ्या बहिणीला 'अक्का'. रिक्षावाल्याला 'अण्णा' म्हणून हाक मारलीत की तो हसूनच मागे वळतो. जेवताना 'पोदुम' लक्षात ठेवा, म्हणजे 'पुरे'. केळीच्या पानावर भात वाढणारा तो शब्द ऐकेपर्यंत वाढत राहतो. प्यायला पाणी हवं तर 'तण्णी'.

देवळात शिरताना

आपल्याकडे पिंडीवर हात ठेवायची, पायाशी डोकं टेकवायची सवय असते. इथे गाभाऱ्यात जाता येत नाही. गाभारा खोल आत असतो, तेलाच्या दिव्यांच्या उजेडात मूर्ती दिसते आणि पुजारी कापराची आरती ओवाळतात तेव्हा क्षणभर चेहरा उजळतो. तोच दर्शनाचा क्षण. रांगेत फोनमध्ये किंवा गप्पांत असाल तर तो निसटतो.

शंकराच्या देवळात विभूती मिळते, विष्णूच्या देवळात तीर्थ, तुळस आणि डोक्यावर क्षणभर टेकवलेली 'शठारी', म्हणजे देवाच्या पादुका असलेला धातूचा मुकुट. तेव्हा मान थोडी लववायची. शंकराच्या देवळात बाहेर पडताना चंडिकेश्वराचं छोटं देऊळ लागतं, तिथे लोक हळूच टाळी वाजवतात. तो सदा ध्यानात असतो आणि देवळातून आपण काही नेत नाही हे त्याला दाखवायचं, अशी समजूत आहे. गाइडने सांगितलं नाही तर तुम्ही ते देऊळ ओलांडून पुढे जाल.

श्रीरंगम हे पहिलं देऊळ असावं असं मला वाटतं, कारण तिथे तमिळ देवळाची रचना पायांनी समजते. कावेरी आणि कोळ्ळिडम या दोन प्रवाहांमधल्या बेटावर सात प्राकार, म्हणजे तटबंदीने वेढलेली आवारं, एकात एक आहेत आणि २१ गोपुरं, म्हणजे प्रवेशद्वारांवरचे मनोरे आहेत. बाहेरच्या प्राकारांत घरं, दुकानं, शाळकरी मुलं, भाजीवाल्या असं अख्खं गाव नांदतं आहे. २३६ फुटांच्या राजगोपुराकडे बघून ते प्राचीन वाटतं, पण ते पूर्ण झालं १९८७ मध्ये. आत जाल तशी गोपुरं लहान आणि जुनी होत जातात. पुढच्या सगळ्या देवळांत ही खूण उपयोगी पडते.

तंजावरला थोडं जास्त थांबा

बृहदीश्वराचं देऊळ राजराज चोळाने बांधलं, ते इ. स. १०१० च्या सुमारास पूर्ण झालं. श्रीरंगमच्या उलट इथे उंची गोपुराला नाही, गाभाऱ्यावरच्या विमानाला, म्हणजे शिखराला आहे, आणि ते २०० फुटांच्या आसपास जातं. या विमानाची सावली जमिनीवर पडत नाही असं तुम्हाला कोणीतरी नक्की सांगेल. सकाळी आठला अंगणात उभे राहा, सावली समोरच दिसते. हजार वर्षांपूर्वी ग्रॅनाइटचे धोंडे इतक्या उंच चढवून बसवले, हेच पुरेसं थक्क करणारं आहे.

पण मराठी माणसाने इथे थांबायचं कारण निराळं आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी तंजावरला मराठ्यांचं राज्य उभं केलं आणि भोसल्यांचं हे घराणं १८५५ पर्यंत टिकलं. त्यातले दुसरे सरफोजीराजे विद्येचे मोठे भोक्ते. त्यांनी १८०३ मध्ये भोसले वंशाचा इतिहास मराठीत या देवळाच्या प्राकाराच्या भिंतीवर कोरून घेतला. मुख्य देवळाचं दर्शन घेऊन लोक नंदीशी फोटो काढतात आणि बसकडे वळतात, भिंतीकडे कोणी जात नाही. तुम्ही जा. प्रवेशद्वारातून आत आल्यावर डावीकडून प्रदक्षिणा घालत मागच्या, नैर्ऋत्य कोपऱ्याकडे निघा.

मी पहिल्यांदा ती भिंत बघितली तेव्हा आमच्या ग्रुपमधल्या एक सत्तरीच्या मावशी चष्मा पुसून पुढे झाल्या आणि बोटाने ओळ धरून अक्षर लावत वाचू लागल्या. ओळी दाट आहेत, शब्दांत जागा सोडलेली नाही, भाषा जुन्या वळणाची. पण 'राजे' हा शब्द सापडला तशा त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, हे तर आपलंच आहे." तीन दिवस तमिळ पाट्यांकडे नुसतं बघत फिरल्यावर दगडात आपली अक्षरं भेटणं काय असतं, ते तिथे उभं राहिल्यावरच कळतं. वीस मिनिटं लागतात. मॅनेजरला आधीच सांगून ती मागून घ्या.

राजवाड्याजवळचं सरस्वती महाल ग्रंथालयही प्रोग्रॅममध्ये असेल तर सोडू नका. तमिळ, संस्कृत, तेलुगू यांच्याबरोबर मराठी हस्तलिखितंही तिथे जपली आहेत. सुट्टीचा वार मात्र आधी विचारून घ्या.

कुंभकोणमजवळचं दारासुरम बाराव्या शतकातलं, आकाराने लहान. मोठ्या देवळांनंतर लोक कंटाळून बसमध्ये बसून राहतात, पण कोरीवकाम जवळून बघायचं तर हेच देऊळ. एकाच डोक्याचे बैल आणि हत्ती शोधा. एक बाजू हाताने झाकली की बैल दिसतो, दुसरी झाकली की हत्ती.

मदुराई: फोन नाही, चपला नाहीत

मीनाक्षीच्या देवळात फोन नेता येत नाही. मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये राज्यभरातल्या देवळांत फोनबंदी करायला सांगितलं, मदुराईत ती आधीपासून कडक आहे. म्हणजे फोन लॉकरमध्ये, चपला स्टँडवर आणि चाळीस माणसं चार दिशांना एकसारखी गोपुरं असलेल्या देवळात. ग्रुपमधली माणसं हरवतात ती इथेच.

उपाय साधा आहे. आत शिरण्याआधी सगळ्यांनी मिळून ठरवा: कोणत्या गोपुराने शिरलो, किती वाजता आणि कुठे भेटायचं. आत भेटायची उत्तम जागा म्हणजे सुवर्णकमळाचा तलाव, पोट्रामरै, त्याच्या पायऱ्या. हातात साधं घड्याळ असू द्या. हॉटेलचं कार्ड खिशात ठेवा. देवळाभोवतीचे रस्ते चौकोनात चौकोन असे आहेत आणि त्यांना तमिळ महिन्यांची नावं आहेत: आतून बाहेर आडी, चित्तिरै, आवणी, मासी. आपलं हॉटेल 'पश्चिम मासी रस्त्यावर' आहे एवढं पाठ असलं तरी कोणीही आणून सोडतो.

इथे आधी देवीचं दर्शन, मग सुंदरेश्वराचं. शहर मीनाक्षीचं आहे, शंकर तिच्या घरी आलेला जावई. जमलं तर चारच्या दर्शनाला न जाता संध्याकाळी उशिरा जा आणि रात्री नऊच्या सुमारास होणाऱ्या शेजारतीपर्यंत थांबा. सुंदरेश्वराच्या पादुका पालखीत घालून वाजतगाजत मीनाक्षीच्या शयनगृहाकडे नेतात. धुपाचा धूर, नादस्वरम (सनईसारखं मोठं वाद्य), पालखीला वारा घालणारे सेवक, आणि गर्दी असूनही पसरलेली शांतता. हॉटेल चालण्याच्या अंतरावर हवं म्हणतो ते यासाठीच, कारण नऊ वाजता बस तुमच्यासाठी थांबलेली नसते.

कोडाईकनाल आणि पळनी हे एकत्रच बघा

तळं, कोकर्स वॉक, पिलर रॉक्स हे सगळं टूर दाखवतेच. त्यात कुरिंजी आंडवर मंदिराची भर घालायला सांगा. जुन्या तमिळ काव्यात डोंगराळ मुलखाला कुरिंजी म्हणतात आणि त्या मुलखाचा देव मुरुगन, आपला कार्तिकस्वामी. कुरिंजी हे बारा वर्षांनी फुलणारं निळं-जांभळं फूल. २०१८ मध्ये फुललं, पुढचा बहर २०३० मध्ये अपेक्षित आहे. हवा स्वच्छ असली तर या देवळाच्या आवारातून खाली पळनीची टेकडी दिसते. आज वरून जी टेकडी बघितली ती उद्या चढायची, देव तोच. देवळं आणि डोंगर एकाच टूरमध्ये का असतात हे तिथे उभं राहिलं की उलगडतं.

कोडाईकनालहून पळनीचा घाट सुमारे ६५ किलोमीटरचा, उताराचा. नाश्ता हलका करा. पळनीला सातशेच्या आसपास पायऱ्या आहेत, रोपवे आहे आणि रुळांवरून चढणारी विंच गाडीही आहे. रोपवे देखभालीसाठी अधूनमधून बंद असतो, तेव्हा विंचची रांग वाढते. फोन इथेही नेता येत नाही.

एक गोष्ट बायकांसाठी खास. आपल्याकडे कार्तिक पौर्णिमेखेरीज बायकांनी कार्तिकस्वामींचं दर्शन घेऊ नये असा समज आहे, म्हणून ग्रुपमधल्या काही जणी खालीच थांबायला बघतात. तमिळनाडूत असं काहीही नाही. लेकुरवाळ्या बाया, आज्या, शाळकरी मुली रोज रांगेत असतात, मुरुगन हा त्यांचा घरचा देव आहे. इतक्या लांब येऊन पायथ्याशी बसू नका. वरून येताना पंचामिर्दम घ्या. केळी, गूळ, मध, तूप आणि वेलची घातलेल्या या प्रसादाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे.

'टॉय ट्रेन' म्हणजे नक्की कुठून कुठे?

निलगिरी डोंगरी रेल्वे मेट्टुपाळयमहून उटीला जाते, ४६ किलोमीटर. पायथ्याला सव्वातीनशे मीटर उंची आणि उटीला २,२०० मीटर. कल्लार ते कुन्नूर हा टप्पा इतका उभा आहे की रुळांच्या मधे दातेरी पट्टी बसवली आहे आणि इंजिनाचं दातेरी चाक तिच्यात अडकून गाडी वर चढते. वाफेचं इंजिन मागून ढकलतं. कुन्नूरपर्यंतची लाइन १८९९ मध्ये सुरू झाली, उटीपर्यंत १९०८ मध्ये पोचली, आणि २००५ पासून ती जागतिक वारसा आहे.

आता प्रोग्रॅम पुन्हा काढा. बऱ्याच टूरमध्ये 'टॉय ट्रेनची सफर' म्हणजे कुन्नूर ते उटी असते. तो टप्पाही सुंदर आहे, चहाचे मळे, केत्तीची दरी. पण तिथे डिझेल इंजिन असतं आणि दातेरी रूळ नसतात. ज्यासाठी ही रेल्वे जगात ओळखली जाते तो भाग मेट्टुपाळयम ते कुन्नूर आहे. मेट्टुपाळयमची गाडी सकाळी सातच्या सुमारास सुटते आणि दुपारी बाराच्या आसपास उटीला पोचते. त्यासाठी आदल्या रात्री मुक्काम मेट्टुपाळयम किंवा कोइंबतूरला हवा. पळनीचं दर्शन करून त्याच रात्री उटीला चढवणाऱ्या टूरमध्ये हा टप्पा मिळणं शक्य नाही. तिकिटं फार लवकर संपतात, म्हणून बुकिंगच्या वेळी 'स्टेशन कोणतं, तिकिटं कन्फर्म आहेत का' हे लेखी विचारा.

त्या सकाळी मोठ्या बॅगा बसने घाटातून उटीला जातात आणि तुम्ही गाडीत. जवळ पाणी, खाऊ, औषधं आणि स्वेटर ठेवा. डबे लहान आहेत आणि जास्त सामान मांडीवर घ्यावं लागतं. हिलग्रोव्हला इंजिन पाणी भरायला थांबतं, तेव्हा उतरून पुढच्या टोकाकडे न जाता मागे जा, इंजिन मागे असतं. कल्लारला खिडकी उघडी ठेवून घाम पुसत असता, लव्हडेलला पोचेपर्यंत डब्यातले सगळे स्वेटर शोधू लागलेले असतात.